टाका शाबूत होता

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा बाईंनी मला हाकलून दिलं होतं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये एवढं मलाही कळतं, पण झालं तेच सांगते. बाई म्हणजे डॉ. इंदिराबाई. लोणावळ्यात आणि अवघ्या मावळात नुसतं 'बाई' म्हटलं की पुढे नाव लावावं लागत नाही. माझं वय तेव्हा वीस. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कपाळ पांढरं झालेलं, आणि 'हिला काहीतरी काम लावून द्या' म्हणून थोरल्या भावाने मला सूतिकागृहाच्या दारात आणून उभी केलेली. बाई हात धूत होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा हात धरून उलटा केला आणि म्हणाल्या, "नखं काढून ये."

मी आधीच चिडलेली होते. म्हटलं, "मी विधवा आहे. बाळंतिणीच्या खोलीत मला चालवून घेणार का, ते आधी सांगा. उगाच नखं कशाला काढू?"

बाईंनी हात पुसले. "बाळ बाहेर येताना कुणाचं कुंकू बघत नाही. नखं मात्र त्याला लागतात. जा."

मी गेले, तासाभराने नखं काढून परत आले, आणि तेव्हापासून आजतागायत त्याच सूतिकागृहात आहे. बाई मात्र तिथे नाहीत. का नाहीत, हेच या लेखात सांगायचं आहे.

बाईंच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. समितीचे अध्यक्ष रावसाहेब हेच आमच्या सूतिकागृहाचे प्रमुख विश्वस्त. त्यांनी मला पत्र पाठवलं, त्यात लेख कसा असावा हेही कळवलं आहे. "बाईंचे कार्य, मूल्ये व माणुसकी यांवर एकेक प्रसंग द्यावा. भाषा आदरयुक्त असावी. अप्रिय गोष्टींचा उल्लेख टाळावा." मी आज्ञाधारक बाई आहे. किती आज्ञाधारक, ते पुढे येईलच.

माणुसकीचा प्रसंग आधी देऊन टाकते. मला अक्षरओळख होती, इंग्रजी मात्र येत नव्हतं. औषधांच्या बाटल्या मी रंगावरून ओळखायची. हे बाईंच्या लक्षात आल्यावर त्यांनी सगळ्या बाटल्यांची जागा बदलून टाकली आणि मला म्हणाल्या, "आता सांग, अर्गट कोणतं?" बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर अर्गट टोचायचं, एवढं मला पाठ होतं. बाटली कोणती, ते सांगता येईना. त्या दिवसापासून जेवण झालं की बाई अर्धा तास मला पाटी घेऊन बसवीत. स्वतःचे डोळे पेंगुळलेले असत, पण पाटी सुटली नाही. सहा महिन्यांत मी कपाटातली प्रत्येक चिठ्ठी वाचायला लागले आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आली. ही किल्ली लक्षात ठेवा.

आता कार्य. बाईंच्या हातून बाळंत झालेल्यांचे आकडे इतर मंडळी देतीलच. मला एकच बाई सांगायची आहे. तिचं नाव सकू. आंदर मावळातल्या एका वाडीची सून, नवरा धोंडिबा, भातशेती आणि दोन म्हशी.

सकूचं पहिलं मूल पोटात आडवं होतं. तिची सासू हौसाबाई त्या भागातली नावाजलेली सुईण. तिने दोन दिवस खटपट केली, पण मूल फिरेना. शेवटी सकूला पुण्याला नेलं आणि तिथल्या शस्त्रवैद्यांनी क्लोरोफॉर्म देऊन, पोट उघडून मूल काढलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. वाचल्या खऱ्या, पण वाडीत तोंडं कोण धरणार? सुईणीच्या घरातली सून, आणि तिचंच पोट फाडायची वेळ आली. 'हौसाबाईच्या सुनंला बाळंत व्हता येत न्हाई' असं बाया पाणवठ्यावर बोलू लागल्या. सासूला ते लागलं आणि सुनेलाही लागलं.

तीन वर्षांनी, दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावरच्या पावसाळ्यात, सकू पुन्हा दिवस गेल्यावर आमच्याकडे आली. सातवा महिना. धोंडिबा सोबत होता. बाईंनी तपासलं. मग सकू म्हणाली, "बाई, त्या येळंला मी निजले आन् उठले तर पोर बाजूला. कवा झाली, कशी झाली, मला काय बी कळलं न्हाई. एकडाव मला कळू द्या."

त्या काळी डॉक्टर मंडळींचा सरधोपट हिशेब असा, की एकदा पोट उघडलं की पुढच्या प्रत्येक खेपेला उघडायचंच. बाईंना तो हिशेब ठाऊक होता, पण त्या कुणाचाही हिशेब डोळे मिटून मान्य करीत नसत. त्यांनी सकूला प्रश्न विचारले. पहिल्या खेपेला मूल आडवं होतं म्हणून कापलं की हाड अरुंद म्हणून? आडवं होतं. म्हणजे कारण त्या खेपेचं होतं. या खेपेला डोकं खाली होतं. टाका भरून यायला वेळ मिळाला होता का? तीन वर्षं मिळाला होता. शस्त्रक्रियेनंतर ताप आला होता? नाही. पू? नाही. बाईंचा चेहरा उजळत चालला होता, तो शेवटच्या प्रश्नाला थांबला.

"त्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल. छेद कुठे घेतला, ती. कुठे आहे?"

सकूने नवऱ्याकडे पाहिलं. धोंडिबाने जमिनीकडे पाहिलं. "न्हाई वो बाई. चिठ्ठी न्हाई."

ते गेल्यावर मी बाईंना विचारलं की चिठ्ठी कशाला हवी, पोटावरचा व्रण तर दिसतोच आहे. बाईंनी माझी जुनी पाटी काढली आणि उलट्या घागरीसारखं गर्भाशय काढून दाखवलं. म्हणाल्या, "वरचा भाग कळांनी आवळतो, खालचा ताणतो. छेद वर असेल तर प्रत्येक कळ त्या टाक्यालाच ओढणार. उसवला तर घटकेत आई आणि मूल दोन्ही जाणार. हल्ली काही डॉक्टर खालच्या अंगाला आडवा छेद घेतात. तो बहुधा कळा सोसतो. आणि कातडीवरची शिवण दोन्हींची सारखीच दिसते."

बाईंनी पुण्याला पत्र लिहिलं. ते शस्त्रवैद्य लढाईवर गेले होते, आणि त्यांच्या मागे दप्तरात सकूचा कागद कुणाला सापडेना. सकू आठव्या महिन्यात ठरल्याप्रमाणे आली. बाईंनी तिला स्वतःच्या घरामागच्या खोलीत ठेवली, कारण सूतिकागृहात कळा सुरू झाल्याशिवाय खाट मिळत नसे. एक दिवस तिला समोर बसवून बाईंनी स्पष्ट सांगितलं, "सकू, चिठ्ठी नाही, म्हणजे छेद वर आहे असंच मला धरावं लागणार. प्रयत्न करण्याजोगी तू आहेस असं मन म्हणतं, पण मनावर मी तुझा जीव लावणार नाही. कळा सुरू व्हायच्या आत पुण्याला जायचं. तिथे मी तुझ्याजवळ थांबेन."

सकू रडली. आवाज न करता रडली आणि म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." मूल्यांचा प्रसंग हवा होता ना, रावसाहेब? हा घ्या. गावात पुढे बोललं गेलं की बाईंनी हौसेपायी एका गरीब बाईच्या जिवाशी खेळ केला. ती हौस अशी होती.

बाई पुण्याला खाट ठरवायला गेल्या त्या दिवशी हौसाबाई आली. पदरात खण-नारळ बांधलेला. "बाळतपनाआधी सासरच्या घरात सुनंची वटी भरायची. आमच्याकडं अशीच रीत हाय, नर्सबाई. ही पुन्याला चालली तर जाऊ द्या, पर घरात वटी भरल्याबिगर कशी जाईल? दोन दिसांत मीच आनून सोडते." सकू म्हणाली, "ताई, पोरीला महिना झाला बगितलं न्हाई." वॉर्डात दोन बाया कळांनी ओरडत होत्या, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, जा, पण परवा इथे दिसली पाहिजे.

संध्याकाळी बाई आल्या. रिकामी खोली बघून त्यांनी एवढंच विचारलं, "तू पाठवलीस?" मी मान हलवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबा धावत आला. पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. बाईंनी पिशवी उचलली. आगगाडीने वडगाव, तिथून टाकवे गावापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. भाद्रपद होता, खाचरं भरलेली, बांधावरून पाय घसरत होते. ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. बाईंचं वय तेव्हा पन्नाशी ओलांडलेलं, आणि पिशवी भिजू नये म्हणून ती त्यांनी डोक्यावर घेतली. मी मागून चालत होते आणि मनात स्वतःला शिव्या देत होते.

घरात शिरलो तर हौसाबाईचे दोन्ही हात सुनेच्या पोटावर. पोट चोळून, दाबून मूल खाली आणायची जुनी रीत. बाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "हौसाबाई, हात काढा."

"ह्या हातांनी अरदं मावळ जन्माला घातलंय, बाई."

"म्हणून तर तुमच्याशी बोलते आहे. हात ठेवा, पण दाबू नका. व्रणापाशी दुखरं लागलं, पोट कळ नसतानाही कठीण राहिलं, तर माझ्याआधी तुमच्या हाताला कळेल."

हौसाबाईने बाईंकडे पाहिलं आणि हात हलके केले. बाईंनी तपासलं. कळा चांगल्या होत्या, डोकं खाली, नाडी शांत. तरीही बाई म्हणाल्या, "डोली बांधा. रस्त्यापर्यंत न्यायची, तिथून वडगाव, तिथून पुणे." पुण्याला पोचायला किती वेळ लागेल ते आम्हां सगळ्यांना दिसत होतं. पण वर छेद असलेली बाई त्या घरात ठेवणं म्हणजे तिचं मरण पाहत बसणं. चौघांनी डोली उचलली. अंगणात सकूची तीन वर्षांची मुलगी उभी होती, गळ्यात चांदीचा ताईत. ती 'आये, आये' करून रडायला लागली.

तेव्हा डोलीतून सकू म्हणाली, "थांबा. चिठ्ठी पोरीच्या गळ्यात हाय."

हौसाबाई किंचाळली, "सके! ताइतातलं बोलू नये!"

"बोलले. आता काय करायचं ते करा."

झालं होतं ते असं. पुण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देताना धोंडिबाला बजावलं होतं, 'हा कागद जिवापाड जपा, पुढच्या खेपेला बायकोचा जीव यावरच आहे.' धोंडिबा आणि त्याची आई वाचणारी माणसं नव्हेत, पण जपणारी होती. ज्या कागदात जीव आहे तो फडताळात कसा ठेवायचा? उंदीर खाईल, पाऊस लागेल. त्यांनी सोनाराकडून ताईत करून घेतला, कागदाची गुंडाळी आत घातली, तोंड लाखेने बंद केलं आणि त्या खेपेला वाचलेल्या पोरीच्या गळ्यात बांधला. ताइतात काय आहे ते बोललं की त्याचा गुण जातो, म्हणून घरातलं कुणी बोललं नाही. बाई दोन महिने विचारत होत्या आणि ती माणसं खाली मान घालून नाही म्हणत होती. चिठ्ठी उरलीच नव्हती, ताईत होता. हसू नका. मी कागद जपणारी शिकली-सवरलेली माणसं पाहिली आहेत, आणि त्यांनी काय जपलं तेही पाहिलं आहे.

हौसाबाईने नातीला उचललं. क्षणभर तिच्या तोंडाकडे बघितलं. मग ताइताचं तोंड दातांत धरून लाख फोडली आणि गुंडाळी बाईंच्या हातावर ठेवली.

कागद घामाने पिवळा पडला होता, एक कोपरा विरला होता. बाईंनी उजेडाकडे धरून वाचला आणि मराठीत मोठ्याने सांगितला. खालच्या अंगाला आडवा छेद. भरून येताना ताप नाही. पुढील खेपेस मूल सरळ असल्यास नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करण्यास हरकत नाही.

"डोली खाली ठेवा," बाई म्हणाल्या.

पुढचे चार तास बाई सकूच्या उशाशी जमिनीवर बसून होत्या. दर पाव तासाला नाडी मोजायची. कळा वाढवायचं औषध द्यायचं नाही, घाई करायची नाही. हौसाबाईचा हात व्रणावर होता, आणि दर कळेनंतर बाई विचारीत, "काय म्हणतोय हात?" हौसाबाई म्हणे, "मऊ हाय." दुपार कलता कलता मूल आलं. बाईंनी स्वतः मागे सरून हौसाबाईला पुढे घेतलं. मूल तिच्या हातांत आलं, तिच्या घरात, तिच्या सुनेचं. दुसरीही मुलगीच झाली, पण हौसाबाईने तोंड वाकडं केलं नाही. तिला रडू आवरत नव्हतं.

बाईंनी मग हात आत घालून शिवण चाचपली. "सलग आहे," म्हणाल्या. माझाही हात धुववून मला ती चाचपायला लावली, म्हणजे पुढे मला ओळखता यावी. ती शिकवण पुढे कुठे उपयोगी पडणार होती ते तेव्हा ठाऊक असतं, तर मी शिकले नसते.

सकू दमून पडली होती. बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले तशी डोळे उघडून हसली. "बाई, कळलं," एवढंच म्हणाली.

निघताना बाईंनी चिठ्ठीची नक्कल करून घेतली, मूळ कागद ताइतात परत घालून लाख लावली आणि तो पोरीऐवजी सकूच्या गळ्यात बांधला. "जिचा टाका तिच्या गळ्यात. आणि कुणी विचारलं की बोलायचं. या ताइताला बोलल्यानेच गुण येतो."

मंडळी, इथे लेख संपवता आला असता तर किती बरं झालं असतं! समितीला नेमकं एवढंच हवं आहे. पण बाई लोणावळ्याला आल्या आणि त्यांनी विश्वस्तांपुढे एक योजना मांडली. पोटावर टाका असलेल्या बाईची चिठ्ठी पाहावी, पहिल्या खेपेचं कारण तपासावं. जी प्रयत्न करण्याजोगी असेल तिला महिनाभर आधी सूतिकागृहातच राहू द्यावं, बाकीच्यांची पुण्यात आधीच सोय लावावी. दोन पानांचा कागद होता, मीच स्वच्छ अक्षरात लिहून काढला होता. रावसाहेबांनी तो वाचला आणि विचारलं, "आणि उद्या एखादी दगावली तर नाव कुणाचं जाईल?"

पंधरा दिवसांत दर्शनी दालनात फलक लागला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: "पूर्वी पोटावर शस्त्रक्रिया होऊन प्रसूत झालेल्या स्त्रियांस येथे प्रसूतीकरिता घेतले जाणार नाही. त्यांनी पुण्यास जावे." चिठ्ठी असो की नसो, छेद वर असो की खाली.

बाईंनी तो वाचला आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. म्हणाल्या, "जी माझ्या हातून सुखरूप सुटू शकते तिला दारातून परत पाठवायला मी इथे बसणार नाही." निरोपाचा समारंभ झाला नाही. आज हारतुरे घेऊन निघालेल्यांपैकी एकही माणूस त्या दिवशी फाटकापर्यंत आलं नाही. मीसुद्धा खिडकीतूनच पाहिलं. मी बाईंबरोबर गेले नाही. माझी आई माझ्यावर अवलंबून होती, हे एक कारण. खरं सांगू? मला भीती वाटली.

बाई आपल्या घरीच बायका तपासू लागल्या. आणखी तीन वर्षांनी सकूला पुन्हा दिवस गेले. याही वेळी बाईंनी सगळं ठरवलं होतं. पौषात, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी सकूने त्यांच्या घरी राहायला यायचं. पण त्याच सुमाराला बाईंना विषमज्वर झाला आणि त्यांच्या भावाने त्यांना पुण्याला नेलं. वाडीवर निरोप पोचला नाही. सकू ठरल्या दिवशी सकाळी आली तो घराला कुलूप, आणि वाटेतच कळा सुरू झालेल्या. धोंडिबा तिला घेऊन सूतिकागृहात आला. कामावर मी होते.

खाट रिकामी होती. कपाटात अर्गट होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. सकूने स्वतःहून ताईत पुढे केला. "ताई, बोलायचा ताईत हाय ह्यो," म्हणाली आणि हसली. नवे डॉक्टर फलकाकडे बोट दाखवून म्हणाले, रावसाहेबांची परवानगी आणा. मी ताईत घेऊन बंगल्यावर धावले. रावसाहेब व्हरांड्यात चहा घेत होते. मी लाख फोडून चिठ्ठी वाचून दाखवली. मागची खेप सुखरूप झाली तेही सांगितलं. रावसाहेब रागावले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "माणसागणिक बदलला तर तो नियम कसला? पुण्याची गाडी आहे ना आता?"

आणि मी, आज्ञाधारक बाई, सकूला स्टेशनवर घेऊन गेले.

बायकांच्या डब्यात आम्ही तिघी-चौघी होतो, धोंडिबा शेजारच्या डब्यात. कामशेत मागे पडलं आणि कळा जोराच्या झाल्या. डब्यातल्या बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. वडगाव आणि तळेगावच्या मधे मूल झालं, सरळ, रडत, मुलगा. सकू म्हणाली, "ताई, कळलं गं." मग वार पडली, आणि रक्त थांबेना. मी पोट चोळलं, आवळलं, हात आत घालून पाहिलं. माझ्या बोटांना ती शिवण लागली. सलग होती, एक धागा सुटला नव्हता. टाका शाबूत होता, रावसाहेब. ज्याच्या भीतीने तिला दारातून काढली तो टाका दोन बाळंतपणांच्या कळा सोसूनही शाबूत होता. तिला हवं होतं ते एक इंजेक्शन, आणि ते मी बंद केलेल्या कपाटात होतं. किल्ली माझ्या कमरेला वाजत होती. तळेगावच्या फलाटावर तिला उतरवलं तेव्हा ती गेली होती. मूल धोंडिबाच्या हातात दिलं. त्याने ते आपल्या मुंडाशात गुंडाळलं.

चार दिवसांनी मी पुण्याला जाऊन बाईंना सांगितलं. बाई अंथरुणावर होत्या, केस गळालेले. मी सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकलं.

"टाका?"

"शाबूत."

"मूल?"

"चांगलं आहे. मुलगा."

बाई म्हणाल्या, "दारं फोडायची होतीस, द्वारके." आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे तीन महिने त्यांनी मला बोलावलं नाही, मीही गेले नाही.

मग एक दिवस पोस्टकार्ड आलं. "नखं काढून ये. काम आहे. रविवारी, हौसाबाईच्या वाडीवर."

त्या अंगणात आंदर मावळातल्या सात-आठ सुइणी बसल्या होत्या. हौसाबाईने स्वतः पायी फिरून त्यांना गोळा केलं होतं. तिच्या मांडीवर सकूचा मुलगा होता. बाई काठी टेकत उभ्या होत्या आणि शिकवत होत्या. टाक्याच्या पोटाला हात कसा लावायचा, कोणत्या बाईला महिनाभर आधी बाईंकडे आणायचं, चिठ्ठी कशी मागायची. ताईत हातोहात फिरत होता. मला पाहून हौसाबाई म्हणाली, "या नर्सबाई. मी वटी भराया नेली, तुमी गाडीत बशिवली. आपुन दोगीबी तसल्याच. आता बसा आन् शिका." त्या वाक्याइतकी मोठी क्षमा मला कुणी केली नाही, आणि इतकं खरंही कुणी सुनावलं नाही. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार मी तिथे असते. अर्गटची बाटली आता माझ्या पिशवीत असते, कुणाला न विचारता. रावसाहेब, हे वाचून मला कामावरून काढायचं असेल तर काढा.

समितीच्या पत्रात शेवटी लिहिलं आहे की सत्काराच्या दिवशी बाईंच्या तसबिरीचं अनावरण सूतिकागृहाच्या दर्शनी दालनात, दारासमोरच्या भिंतीवर होईल. ती भिंत मी रोज झाडते. तिथे एकच खिळा आहे आणि त्यावर तो फलक आहे, अजून आहे. तसबीर मोठी करवून घेतली आहे, फलक तिच्यामागे झाकला जाईल, असं मला शिपायाने सांगितलं. म्हणजे नियम राहणार आणि दिसणार मात्र बाई. माझं समितीला हात जोडून सांगणं आहे, की आधी फलक उतरवा. नाही उतरवलात तर शिडी कुठे असते ते मला ठाऊक आहे. या खेपेला मी परवानगी मागायला बंगल्यावर येणार नाही.

बाई, आपल्याला साठ वर्षं पुरी झाली. आपले गुडघे दुखतात आणि आपण कुणाला सांगत नाही, हे मला माहीत आहे. आपण शंभर वर्षं जगावं. आंदर मावळातली एखादी टाक्याची बाई गळ्यातला ताईत दाखवून त्या दारातून आत जाते आणि तिला कुणी अडवत नाही, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहावं. तोवर ओढ्यातून येताना कुणाचा तरी हात धरा, थंडीत घसा जपा, वेळेवर जेवा. आजारी पडू नका, बाई. आपण एकदाच आजारी पडलात, त्याचं काय झालं ते मी वर लिहिलं आहे.